तळव्यावरचा काळा डाग आणि एका औषधाची कसोटी

जीवकाची कथा आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी ऐकलेली असते. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर जीवकाने आचार्यांना विचारले, की या विद्येचा शेवट केव्हा होणार? आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि सांगितले, की तक्षशिलेभोवती एक योजनापर्यंत हिंड आणि जी वनस्पती औषधी नसेल ती घेऊन ये. जीवक सगळीकडे हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला आढळली नव्हती. आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगितले. विनयपिटकाच्या महावग्गात ही कथा आली आहे.

सृष्टीत निरुपयोगी असे काहीच नाही, असा या कथेचा बोध आपण सहसा घेतो. तो योग्यच आहे. परंतु वैद्याच्या दृष्टीने या कथेतून एक पुढचा प्रश्न निघतो. प्रत्येक वनस्पती जर औषधी असेल, तर ती कोणासाठी औषधी आहे? ज्याला हे सांगता येत नाही त्याच्या हाती सारे अरण्य दिले तरी रुग्ण बरा होणार नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचे एक अलीकडचे उदाहरण वाचकांपुढे ठेवत आहोत. एक औषध एकाच रोगावर दोनदा तपासले गेले. पहिल्या वेळी ते जवळजवळ निष्फळ ठरले, दुसऱ्या वेळी त्याने काही रुग्णांच्या गाठी विरघळवल्या. मधल्या काळात औषध बदलले नव्हते आणि रोगाचे नावही तेच होते. औषध कोणाला द्यायचे, हा प्रश्न मात्र दुसऱ्या वेळी आधी विचारला गेला होता.

१. रोगाची ओळख

आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. या रंगपेशींची वाढ अनिर्बंध होऊ लागली, की जो कर्करोग होतो तो मेलॅनोमा. तो लवकर आढळला तर बहुधा शस्त्रक्रियेनेच बरा होतो. उशीर झाला तर लसीका ग्रंथी, फुप्फुसे, यकृत, मेंदू असा तो पसरत जातो.

मेलॅनोमा हा गोऱ्या कातडीच्या लोकांचा रोग, अशी त्याची ख्याती आहे आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. ऑस्ट्रेलिया, युरोप, उत्तर अमेरिका येथील गोऱ्या लोकांत उन्हातील अतिनील किरणांमुळे तो मोठ्या प्रमाणावर होतो. सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत त्वचेतील मेलॅनिन या किरणांपासून संरक्षण देते, म्हणून आपल्याकडे हा रोग दुर्मिळ आहे.

मात्र मेलॅनोमाचे काही प्रकार उन्हाशी फारसे संबंधित नाहीत. तळपाय, तळहात आणि नखांच्या खाली होणारा हा त्यांतला एक. तोंड, नाक, गुदद्वार, योनी यांच्या आतील ओलसर अस्तरावर, म्हणजे श्लेष्मल त्वचेवर, होणारा हा दुसरा. वर्ण कोणताही असो, हे दोन प्रकार होऊ शकतात. गोऱ्या लोकांत उन्हाने होणारे मेलॅनोमा इतके असतात, की हे दोन प्रकार त्यांत झाकून जातात. आशिया व आफ्रिका खंडांतील लोकांत मात्र मेलॅनोमा झालाच तर तो बहुधा याच ठिकाणी आढळतो. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ली यांना १९७७ साली पायाच्या बोटाच्या नखाखाली हाच रोग आढळला. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वर्षानुवर्षे उन्हाने रापलेल्या त्वचेवर, विशेषतः वृद्धांच्या चेहऱ्यावर, होणारा तिसराही एक प्रकार आहे. तो उन्हामुळेच होतो, तरी जनुकांच्या दृष्टीने तो वरील दोघांशी काही अंशी मिळताजुळता असल्याचे पुढे दिसून आले. या लेखाचा विषय हे तीन प्रकार होत.

२. किट जनुक आणि इमॅटिनिब

पेशीच्या बाहेरील आवरणावर अनेक प्रकारची ग्राही प्रथिने असतात. बाहेरून येणारा रासायनिक निरोप घेऊन तो आत पोहोचवणे हे त्यांचे काम. किट हे असेच एक प्रथिन असून त्याचा आराखडा त्याच नावाच्या जनुकात असतो. निरोप आला, की किटचे दोन रेणू एकत्र येतात आणि पेशीच्या आतील भागात फॉस्फेटचे कण एका प्रथिनावरून दुसऱ्यावर चढवले जाऊ लागतात. ‘जग, वाढ, विभागून दोन हो’ असा तो आदेश असतो.

रंगपेशींचे किटशी विशेष नाते आहे. गर्भात या पेशी आपल्या मूळ स्थानापासून त्वचेपर्यंत प्रवास करतात आणि त्या प्रवासात त्यांना किटची गरज असते. ज्यांच्यात जन्मतः किट जनुकाची एक प्रत निकामी असते, अशा काही व्यक्तींच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट व अंगावर पांढरे पट्टे जन्मापासून दिसतात. (आपण ज्याला कोड म्हणतो तो विकार वेगळा.) किट निकामी झाले तर रंगपेशी पोहोचतच नाहीत. उलट ते सतत चालू राहिले तर त्या थांबत नाहीत.

निरोगी अवस्थेत किटला स्वतःचा एक लगाम असतो. निरोप नसेल तेव्हा प्रथिनाचाच एक भाग त्याच्या कार्यकारी भागाला आवरून धरतो. जनुकात उत्परिवर्तन होऊन त्या लगामाची घडण बिघडली, तर निरोप नसतानाही आदेश सुटत राहतात. कधी जनुकात बिघाड नसतो, परंतु त्याच्या प्रतीच अनेक झालेल्या असतात. या दोन अवस्थांमधील भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याला महत्त्व येणार आहे.

आता औषधाकडे वळू. इमॅटिनिब हे गोळीच्या रूपात घ्यायचे औषध आहे. पेशीतील काही मोजक्या प्रथिनांच्या खाचेत बसून ते त्यांचे काम बंद पाडते. जुन्या केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या सर्वच पेशींवर आघात करतात. इमॅटिनिबचा रोख विशिष्ट प्रथिनावर असतो, म्हणून त्याला लक्ष्यवेधी औषध म्हणतात. रक्ताच्या एका कर्करोगावर, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर, ते इतके गुणकारी ठरले, की मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या यशामागे ब्रायन ड्रकर, निकोलस लायडन आदी संशोधकांचे परिश्रम होते. हेच औषध किट प्रथिनालाही रोखते, हे त्यानंतर उपयोगी पडले. किट बिघडल्यामुळे जठर व आतड्यांत होणाऱ्या एका दुर्मिळ गाठीवर २००२ साली त्याला मान्यता मिळाली.

३. पहिली कसोटी

मेलॅनोमाच्या पेशींवरही किट असते, मग हे औषध मेलॅनोमावर का चालू नये? प्रश्न योग्य होता. त्यानुसार तीन लहान चाचण्या झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष २००५ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाले. तिन्ही मिळून साठाहून अधिक रुग्णांना इमॅटिनिब देण्यात आले. त्यांच्यात मेलॅनोमाच्या प्रकारांची सरमिसळ होती आणि किट जनुकात उत्परिवर्तन आहे की नाही, हे पाहून त्यांची निवड झालेली नव्हती.

या साऱ्या रुग्णांत ठळक प्रतिसाद दिसला तो एकाच्या बाबतीत. बाकीच्यांचा रोग वाढत राहिला. मेलॅनोमावर इमॅटिनिबचा उपयोग नाही, असा निष्कर्ष काढून ही फाइल कोणी बंद केली असती, तर त्याला दोष देता आला नसता.

परंतु तो एकमेव रुग्ण कोण होता, हे पाहण्यासारखे आहे. त्याचा मेलॅनोमा हातापायांच्या टोकांवर होणाऱ्या प्रकारातला होता. सरासरी काढताना असा एखादा रुग्ण अपवाद म्हणून बाजूला पडतो. विज्ञानात अशा अपवादालाच पुन्हा प्रश्न विचारावा लागतो.

याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बोरिस बास्टियन व त्यांचे सहकारी निराळ्या मार्गाने काम करीत होते. मेलॅनोमा शरीरावर कोठे झाला आणि त्या जागेला किती ऊन लागले होते, यावरून त्यांनी गाठींचे गट पाडले आणि प्रत्येक गटाची जनुके तपासली. २००६ साली त्यांनी १०२ गाठींचे निष्कर्ष मांडले. श्लेष्मल त्वचेवरील ३९ टक्के, तळहात-तळपाय व नखांखालील ३६ टक्के आणि दीर्घकाळ उन्हाने रापलेल्या त्वचेवरील २८ टक्के गाठींत किट जनुकात उत्परिवर्तन किंवा त्याच्या प्रतींत वाढ आढळली. अधूनमधून ऊन लागणाऱ्या त्वचेवरील मेलॅनोमात, म्हणजे पाश्चात्त्य देशांत सर्वाधिक दिसणाऱ्या प्रकारात, असा एकही बदल आढळला नाही.

एका नावाखाली आपण अनेक रोग गोळा केले होते, हे यावरून स्पष्ट झाले. ज्यांच्या गाठीत किटचा दोषच नव्हता त्यांना किट रोखणारे औषध दिले जात होते. ते चालणार तरी कसे?

४. दुसरी कसोटी

२००८ साली बोस्टन येथील डॉक्टरांनी एका वृद्ध स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. तिचा मेलॅनोमा श्लेष्मल त्वचेवरचा होता आणि किट जनुकात उत्परिवर्तन होते. इमॅटिनिब सुरू केल्यावर तिच्या गाठी झपाट्याने आकसल्या. एका रुग्णावरून सिद्धान्त उभा राहत नाही, परंतु पुढे कोठे पाहावे हे त्यातून कळते.

त्यानंतर रुग्ण निवडून चाचण्या झाल्या. त्यांतील एक अमेरिकेतील सहा केंद्रांत २००७ ते २०१० या काळात पार पडली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. तिचे आकडे आम्ही क्रमाने देतो, कारण औषधचाचणी म्हणजे काय याचा धडाच त्यांत आहे.

वरील तीन प्रकारांतील मेलॅनोमा असलेल्या २९५ रुग्णांच्या गाठी तपासण्यात आल्या. त्यांपैकी ५१ जणांत किटचा दोष आढळला. निकषांत बसून प्रत्यक्ष औषध मिळाले ते २८ जणांना. मात्रा दररोज दोन वेळा ४०० मिलिग्रॅम अशी होती. परिणामाचे मोजमाप करता आले असे रुग्ण २५. त्यांपैकी दोघांच्या गाठी पूर्णपणे दिसेनाशा झाल्या, दोघांच्या आकसून दीर्घकाळ तशाच राहिल्या आणि आणखी दोघांच्या काही आठवडेच आकसल्या. पहिल्या चौघांचा लाभ एक वर्षाहून अधिक काळ टिकला. सर्व रुग्ण धरले तर निम्म्यांचा रोग साधारण बारा आठवड्यांत पुन्हा वाढू लागला.

त्याच वर्षी चीनमधील चाचणीचे निष्कर्ष आले. तेथे पाश्चात्त्य देशांच्या उलट तळपायावरचे व श्लेष्मल त्वचेवरचे प्रकारच अधिक आढळतात. बीजिंग येथील जुन गुओ व सहकाऱ्यांनी किटचा दोष असलेल्या ४३ रुग्णांना इमॅटिनिब दिले. १० जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या आणि सुमारे निम्मे रुग्ण एक वर्षापलीकडे जगले.

तिसरी चाचणी अमेरिकेतच स्टीफन होडी व सहकाऱ्यांनी केली आणि २०१३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात मोजमाप झालेले रुग्ण २४. ज्या १३ जणांच्या किट जनुकात उत्परिवर्तन होते त्यांपैकी ७ जणांच्या गाठी आकसल्या, मात्र एकंदर प्रतिसादांपैकी काही पुढच्या तपासणीत टिकले नाहीत. ज्या ११ जणांत केवळ जनुकाच्या प्रती वाढल्या होत्या, त्यांपैकी एकालाही उपयोग झाला नाही. मघाशी लक्षात ठेवलेला भेद तो हाच. किटचा दोष असणे पुरेसे नव्हते, तो कोणत्या स्वरूपाचा आहे हेही पाहावे लागले. उत्परिवर्तनांतही फरक आहेत. लगामाच्या भागातील बिघाडावर इमॅटिनिब बहुधा चालते. काही अन्य जागी बिघाड झाला, तर खाचेचा आकारच असा बदलतो, की औषध तीत बसत नाही.

५. हे आकडे कसे वाचावेत?

‘गाठ आकसली’ हे डॉक्टरांच्या नजरेवर सोडलेले नसते. सीटी स्कॅनवर ठरावीक गाठींचे व्यास मोजून त्यांची बेरीज केली जाते. ती निदान ३० टक्क्यांनी घटली तरच आंशिक प्रतिसाद म्हणतात. २० टक्क्यांनी वाढली तर रोग वाढला असे धरतात. मधल्या अवस्थेला रोग स्थिर आहे एवढेच म्हटले जाते. रुग्णाला बरे वाटते आहे, डॉक्टर आशावादी आहेत, कंपनी उत्सुक आहे, या कशाचाही परिणाम मोजपट्टीवर होऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

दुसरी गोष्ट अशी, की किती यश मिळाले तर औषध उपयोगी म्हणायचे, हे चाचणी सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे लागते. होडी यांच्या चाचणीत प्रतिसाद पाच टक्क्यांवर खात्रीने जातो का, हे पाहायचे ठरले होते. निकाल हाती आल्यावर रेषा आखली, तर बाण लागेल तेथे लक्ष्य काढल्यासारखे होईल.

तिसरी गोष्ट या चाचण्यांच्या मर्यादेची. त्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्या होत्या. पहिल्या टप्प्यात औषधाची सुरक्षित मात्रा ठरते, दुसऱ्यात ते काम करते का हे दिसते आणि तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी त्याची समोरासमोर तुलना होते. रोग जितका दुर्मिळ तितकी तिसऱ्या टप्प्यापुरती रुग्णसंख्या जमणे कठीण. निलोटिनिब नावाच्या अशाच औषधाची जुन्या केमोथेरपीशी तुलना करण्याचा प्रयत्न झाला, परंतु शेवटी ती एकाच गटाची चाचणी करावी लागली. तीत ४२ पैकी ११ रुग्णांना प्रतिसाद मिळाला. म्हणून लहान चाचण्यांच्या निष्कर्षांत एकवाक्यता आहे का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. अमेरिका आणि चीन येथे स्वतंत्रपणे केलेली मोजणी एकाच दिशेने बोट दाखवते, हे या ज्ञानाचे बळ आहे.

हे औषध चमत्कार नव्हे, हेही आम्हास तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बहुतेकांच्या बाबतीत कर्करोग काही महिन्यांत दुसरी वाट शोधून काढतो. डोळ्यांभोवती सूज, मळमळ, थकवा, अंगावर पुरळ, रक्तपेशी कमी होणे असे त्रासही होतात. दरम्यान शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे आली आणि पसरलेल्या मेलॅनोमावरील उपचारांत त्यांना अग्रस्थान मिळाले. तळपायावरच्या व श्लेष्मल प्रकारांत मात्र त्यांचा गुण उन्हाने होणाऱ्या प्रकाराइतका येत नाही. त्यामुळे किट जनुकाची तपासणी आणि इमॅटिनिब यांना आजही काही रुग्णांच्या उपचारात स्थान आहे. ते स्थान लहान असले तरी ज्याला उपयोग होतो त्याच्यासाठी ते संपूर्ण आहे.

६. ज्यांना औषध मिळाले नाही त्यांच्याविषयी

पुन्हा एकदा २९५ या आकड्याकडे येऊ. त्यांतील २४४ जणांच्या गाठीत किटचा दोष आढळला नाही. त्यांनी आपल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी दिला, वाट पाहिली आणि उत्तर नकारार्थी आले. दोष आढळलेल्या ५१ पैकी २३ जणांना औषध घेता आले नाही. ज्यांनी घेतले त्यांतील बहुसंख्यांना टिकाऊ लाभ झाला नाही. त्या चौघांना मिळालेला काळ आपण मोजतो. परंतु तो काळ मिळण्याचा मार्ग उरलेल्या २९१ जणांच्या सहभागामुळे सापडला. फळाची खात्री नसताना केलेले हे देणे आहे. आपल्या परंपरेत त्याला दान म्हणतात.

दान मात्र जाणून आणि स्वेच्छेने केलेले असावे लागते. म्हणून चाचणीत सहभागी होणाऱ्याला तिचा हेतू, धोके आणि अन्य उपचार त्याच्या भाषेत समजावून सांगून संमती घेणे हे कर्तव्य आहे. वैद्यकीय संशोधनाची ही नीती १९६४ च्या हेलसिंकी घोषणापत्रात मांडली गेली. भारतात २००९ पासून औषधचाचणीची सार्वजनिक नोंदणी सक्तीची आहे आणि २०१९ च्या नियमांनी सहभागी व्यक्तींच्या हक्कांना कायद्याचा आधार दिला आहे. आपल्या समाजात चाचणी म्हटले, की ‘आमच्यावर प्रयोग करणार का?’ असा प्रश्न उठतो. ज्यांच्या संमतीला शतकानुशतके किंमत नव्हती त्यांच्या मनात ही शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आंधळा विश्वास नव्हे आणि आंधळा नकारही नव्हे. नोंदणी क्रमांक विचारावा, नैतिक समितीची मान्यता विचारावी, संमतीपत्र घरी आणून शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्यावे. केव्हाही चाचणीतून बाहेर पडता येते, हे ध्यानात ठेवावे. हे सर्व समजून दिलेला होकार किंवा नकार, दोन्ही सन्मानाचेच आहेत.

औषध उपयुक्त ठरले तरी ते रुग्णाला परवडले पाहिजे. या बाबतीत इमॅटिनिबचा इतिहास भारताशी आणि मुंबईशी जोडलेला आहे. या औषधाच्या एका सुधारित स्वरूपाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनीने केलेला अर्ज चेन्नई येथील पेटंट कार्यालयाने २००६ साली नाकारला. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३ (डी) च्या आधारे कंपनीचे म्हणणे फेटाळले. ज्ञात औषधाच्या नव्या स्वरूपाने गुणकारिता वाढत असल्याचे दाखवल्याखेरीज पेटंट मिळणार नाही, असा त्या कलमाचा आशय आहे. कंपनीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या पक्षांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था होती. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च त्या काळी सव्वा लाख रुपयांच्या घरात सांगितला जाई. भारतीय कंपन्यांचे तेच औषध साधारण आठ ते दहा हजारांत मिळत होते. प्रयोगशाळेत लागलेला शोध गरिबाच्या घरापर्यंत पोहोचण्यासाठी कायद्याचीही लढाई लढावी लागते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांस निराळे सांगायला नको.

७. आपण काय पाहावे?

इतके वाचल्यावर माजी विद्यार्थी व पालक विचारतील, की आमच्या रोजच्या जीवनात याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो औषधाच्या फार आधीचा आहे. मेलॅनोमाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना तो काढला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. तळपायावरचा मेलॅनोमा मात्र अनेकदा उशिरा कळतो, कारण तळव्याकडे कोणी पाहत नाही. पाहिले तरी कुरूप, भोवरी, चामखीळ किंवा काट्याची जुनी जखम समजून लोक ब्लेडने ती जागा तासतात, त्यावर पट्टी लावतात किंवा ती डागून घेतात. नखाखाली असेल तर नखुरडे म्हणून महिने निघून जातात.

म्हणून आंघोळीनंतर महिन्यातून एकदा तरी स्वतःचे आणि घरातील वृद्धांचे तळपाय, बोटांमधील बेचके आणि नखे उजेडात पाहावीत. तळव्यावर नव्याने आलेला किंवा वाढत जाणारा, वेड्यावाकड्या कडांचा, एकसारखा रंग नसलेला डाग, सहज रक्त येणारी जागा, काही आठवड्यांत न भरणारी जखम ही डॉक्टरांना दाखवण्याची कारणे आहेत. काही मेलॅनोमा काळे नसतात. ते लालसर असतात आणि साध्या जखमेसारखे दिसतात. मधुमेही व्यक्तीच्या तळव्यावरची न भरणारी जखम म्हणूनच केवळ मधुमेहाच्या खात्यावर टाकू नये.

नखांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर उभ्या काळसर रेघा असणे सर्वसाधारण आहे. त्याने घाबरून जाऊ नये. मार लागून नखाखाली साकळलेले रक्त नख वाढेल तसे पुढे सरकत जाते. परंतु एकाच नखावरची रेघ रुंद होत चालली, नख चिरू लागले किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर पसरला, तर त्वचारोगतज्ज्ञांची भेट टाळू नये. ही शेवटची खूण १९ व्या शतकातील इंग्रज शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ओळखली जाते. निदान करायचे तर तुकडा काढून तपासावा लागतो. सुई किंवा सुरी लागली की कर्करोग पसरतो, ही समजूत रुग्णाला डॉक्टरांपासून दूर ठेवते. शंका आलेल्या जागेचा तुकडा तज्ज्ञांनी योग्य रीतीने घेतला, तर त्यातून पुढच्या उपचाराची वाट कळते.

समारोप

बुद्धवचनात जनुकशास्त्र शोधण्याचा आमचा हेतू नाही. तसे करणे विज्ञानावरही अन्याय होईल आणि धम्मावरही. तरीही विचार करण्याची एक रीत दोन्हीकडे समान आहे, असे आम्हास वाटते. दुःख आहे असे म्हणून भगवान बुद्ध थांबले नाहीत. त्यांनी त्याचे कारण विचारले आणि कारण सापडले तरच निरोधाची वाट दिसते असे सांगितले. पहिल्या चाचण्यांनी रोगाचे नाव पाहिले, दुसऱ्या चाचण्यांनी प्रत्येक रुग्णातील कारण पाहिले. ‘या आणि स्वतः पाहा’ असे धम्माचे आवाहन आहे. पाहून जे दिसले ते आपल्या आशेच्या विरुद्ध असले तरी लिहून ठेवणे, हा त्याच आवाहनाचा वैज्ञानिक अर्थ होय. निष्फळ चाचण्यांचे आकडे कोणी झाकून ठेवले असते, तर तो एकमेव वेगळा रुग्ण कोणाच्याच नजरेस आला नसता.

डॉ. बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा यांना धम्माचे आधारस्तंभ मानले. करुणा रुग्णाला औषध द्यावयास सांगते आणि हे औषध याच रुग्णासाठी आहे काय, असे प्रज्ञा विचारते. पहिलीशिवाय दुसरी कोरडी आणि दुसरीशिवाय पहिली आंधळी. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, शेतकरी, कामगार अशा अनेक वाटांनी गेले आहेत. ते कोठेही असोत, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांच्यासोबत असावी. आणि या दिवाळीत घरी गेल्यावर आईवडिलांच्या पाया पडताना त्यांनी एकदा त्या पायांचे तळवेही उजेडात पाहावेत, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पूर्ण करतो.